टॅपो सी२०० बाळाच्या खोलीत लावावा का?

टीपी-लिंकचा टॅपो सी२०० हा मुळात बेबी मॉनिटर नव्हे. घरावर लक्ष ठेवायला बनवलेला, गोल फिरणारा साधा वाय-फाय कॅमेरा आहे. पण दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो, अंधारात चित्र दाखवतो, रडण्याचा आवाज ओळखतो आणि ऑफिसात बसून मोबाइलवर बाळ दिसतं, त्यामुळे पुष्कळ घरांत तो बारशाच्या आधीच येऊन बसतो. कॅमेरा म्हणून तो पैसा वसूल आहे. बाळाच्या खोलीत मात्र खोक्यातून काढून तसाच लावू नये. एक संध्याकाळ खर्चून काही कामं करायची तयारी असेल तरच घ्या. नसेल तर इंटरनेटशी संबंध नसलेला मॉनिटर बरा. त्याबद्दल पुढे येईलच.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. कॅमेरा बाळासाठी लावला तरी तो पाहतो बाळंतिणीला. त्याच खोलीत ती दूध पाजते, मालिशवाल्या मावशी तिथेच मालिश-शेक करतात, कपडे तिथेच बदलले जातात, आईशी फोनवर मन मोकळं करणं तिथेच होतं. बाळ पाळण्यात असतं तेव्हाही खोली चालूच असते, आणि कॅमेऱ्याला कानही असतात. २०२५च्या फेब्रुवारीत राजकोटमधल्या एका प्रसूतिगृहाच्या कॅमेऱ्यांतले महिला रुग्णांचे व्हिडिओ, यूट्यूबवर झलक दाखवून, टेलिग्रामवर विकायला ठेवल्याचं उघड झालं. अहमदाबादच्या सायबर शाखेने अटक केलेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. आत शिरण्यासाठी फार मोठी विद्या लागली नव्हती, सोपे पासवर्ड पुरले. घरातला कॅमेरा त्याहून वेगळा नसतो.

आता वस्तूकडे वळू. १०८० पिक्सेलचं चित्र, आडवा ३६० अंश आणि उभा ११४ अंश फिरणारा डोळा, ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे अंधारात ३० फुटांपर्यंत दिसणारं चित्र. या दिव्यांचा मंद लालसर ठिपका अंधारात डोळ्यांना दिसतो. बाळाला त्याचा त्रास होत नाही. वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. अडॅप्टर ९ व्होल्ट, ०.६ अँपिअरचा आणि गोल पिनचा, त्यामुळे नेहमीच्या ५ व्होल्टच्या पॉवर बँकेवर तो चालत नाही. वीज जाणाऱ्या गावात राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस घ्या, पण ९ व्होल्टचं आउटपुट आणि पिनची धन-ऋण बाजू जुळते का ते पाहून. राउटरलाही बॅकअप हवाच. राउटर बंद पडला की कॅमेरा चालू असून उपयोग नाही.

जागा निवडण्यात बहुतेकांचं चुकतं. कॅमेरा कपाटावर उंच, खोलीच्या मध्याकडे तोंड करून ठेवला जातो, म्हणजे सगळं दिसेल. बाळाच्या खोलीत नेमकं उलट हवं. हा कॅमेरा ॲपमधून कुठेही वळवता येतो, म्हणजे ज्याच्या हातात खातं त्याला पूर्ण खोली. ॲपमध्ये दिशा ठरवून ठेवणं पुरेसं नाही. वीज गेली आणि आली की कॅमेरा सुरू होताना आधी सगळीकडे फिरून स्वतःची जागा जुळवून घेतो, आणि तेवढ्यात कोपरान् कोपरा त्याच्या समोरून जातो. म्हणून आडोसा खराखुरा हवा. भिंतीतला कोनाडा असेल तर उत्तम. नसेल तर उघड्या फळीवर कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे पुठ्ठ्याचे किंवा प्लायचे तुकडे असे लावा की डोळा कुठेही वळला तरी पाळणा सोडून दुसरं काही दिसणार नाही. तुकड्यांचा आतला भाग काळा आणि खरखरीत ठेवा. पांढरा किंवा चकचकीत असेल तर रात्री इन्फ्रारेडचा उजेड त्यावर आपटून परत डोळ्यात येतो आणि चित्र दुधाळ होतं. मग ॲपमध्ये आडवी-उभी टोकं गाठेपर्यंत कॅमेरा फिरवून पाहा. दूध पाजायची खुर्ची, मालिशची चटई, कपड्यांचं कपाट यातलं काही दिसलं तर पुठ्ठा पुढे सरकवा.

मच्छरदाणीचीही हीच अडचण. पांढऱ्या जाळीवर इन्फ्रारेड पडलं की पडद्यावर नुसता पांढरा पट्टा दिसतो आणि आतलं बाळ दिसत नाही. लोकांना वाटतं कॅमेरा बिघडला. कॅमेरा जाळीपासून जितका लांब तितका हा त्रास कमी. तरी जमलं नाही तर नाइट व्हिजन बंद करून डे मोड लावा आणि खोलीत छोटा झिरोचा दिवा ठेवा.

वायर पाळण्यापासून किमान ३ फूट लांब असलीच पाहिजे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा हा सल्ला बाळांच्या गळ्याला वायरचा फास बसल्याच्या घटनांवरून आलेला आहे, त्यात सूट घेऊ नका. आपल्याकडे टांगता पाळणा किंवा झोळी असते. ती झोक्याच्या शेवटच्या टोकाला गेली असताना ३ फूट मोजा, स्थिर असताना नव्हे.

यानंतर खातं. २०१९च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मिसिसिपीतल्या एका घरात, मुलींच्या खोलीतल्या रिंग कंपनीच्या कॅमेऱ्यातून एक अनोळखी माणूस आठ वर्षांच्या मुलीशी बोलत होता. कॅमेऱ्याचं कुलूप कोणी फोडलं नव्हतं, पासवर्ड मिळाला होता. एका ठिकाणाहून फुटलेला ईमेल-पासवर्ड दुसरीकडे चालवून पाहायचा, हा धंदा यंत्रावर दिवसरात्र चालतो. त्यामुळे टॅपोच्या खात्याला जो पासवर्ड द्याल तो आयुष्यात दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. ॲपमध्ये खात्याच्या पानावर लॉगिन सिक्युरिटी आहे, तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डसोबत एक कोडही मागणारी सोय) चालू करा. ज्या ईमेलवर हे खातं आहे त्या ईमेललाही तेच कुलूप घाला, नाहीतर ईमेल हाती लागलं की पासवर्ड बदलून घ्यायला दोन मिनिटं पुरतात.

आजी-आजोबा साताऱ्यात, नातवंड न्यू जर्सीत, किंवा याच्या उलट. अशा घरांत आयडी-पासवर्ड व्हॉट्सॲपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला जातो. कृपा करून हे करू नका. ॲपमध्ये शेअर करायची सोय आहे. आजींच्या फोनवर त्यांचं वेगळं खातं काढा आणि त्यांना कॅमेरा शेअर करा. त्यांना चित्र दिसतं, सेटिंग बदलता येत नाही, आणि गरज संपली की एका बोटाने परवानगी काढून घेता येते. पासवर्ड वाटला की तो परत घेता येत नाही. आणि कोणाकोणाला दिसतंय हे बाळंतिणीला माहीत असलं पाहिजे, तिला विचारूनच ठरलं पाहिजे. घरातल्या सगळ्यांनी हा मुद्दा गांभीर्याने घ्यावा. सासऱ्यांच्या किंवा दिरांच्या फोनवर ती खोली चोवीस तास उघडी असेल आणि तिला ते ठाऊकच नसेल, तर तो हॅकरपेक्षा कमी प्रश्न नाही. बाळ सांभाळायला येणाऱ्या ताईंनाही पहिल्याच दिवशी कॅमेरा कुठे आहे आणि त्यात आवाजही जातो हे स्पष्ट सांगा.

ॲपमध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये कॅमेरा अकाउंट नावाचा एक भाग आहे. व्हीएलसीसारख्या दुसऱ्या ॲपमध्ये चित्र पाहायचं असेल तर इथे वेगळं नाव आणि पासवर्ड तयार करावा लागतो. मग कॅमेरा ५५४ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे एका वेगळ्या दारातून, आरटीएसपी या थेट चित्र पाठवायच्या पद्धतीने चित्र देतो. या दाराला टू-स्टेप लागू होत नाही आणि घरातल्या नेटवर्कवर हे चित्र एन्क्रिप्ट न होता, म्हणजे उघडंच जातं. गरज नसेल तर हे खातं तयारच करू नका. एखाद्या जाणकार भाच्याने मागे कधी करून ठेवलं असेल तर एकदा उघडून बघा.

राउटर हा या सगळ्यातला दुबळा दुवा, आणि त्याकडे कोणी पाहत नाही. केबलवाल्याचा माणूस येतो, वाय-फायचा पासवर्ड म्हणून फ्लॅट नंबर नाहीतर तुमचा मोबाइल नंबर टाकतो आणि आतलं ॲडमिन पान होतं त्याच पासवर्डवर सोडून जातो. जिओचा राउटर असेल तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.२९.१, इतर बऱ्याच राउटरना १९२.१६८.१.१ टाकलं की ते पान उघडतं. ॲडमिनचा पासवर्ड बदला, वाय-फायचा बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वाय-फाय जोडायची सोय) आणि यूपीएनपी बंद करा, पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून आत येणाऱ्या वाटांची, यादी रिकामी आहे ना पाहा. यूपीएनपी चालू असलं की घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता राउटरला बाहेरून आत यायची वाट उघडायला सांगू शकतं. टॅपोला मोबाइलवर दिसण्यासाठी त्याची गरज नाही.

राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय, असेल तर कॅमेरा त्यावर टाका, म्हणजे कॅमेरा हातचा गेला तरी लॅपटॉप-मोबाइलपर्यंत वाट मिळत नाही. ते २.४ गिगाहर्ट्झवर चालू करा, ५ वर हा कॅमेरा दिसतच नाही. याची किंमत अशी की फोन मुख्य नेटवर्कवर आणि कॅमेरा गेस्टवर असला की एकाच घरात असूनही चित्र इंटरनेटचा फेरा मारून येतं. प्रवाह सेकंदाला १ मेगाबिट धरला तरी तासाला ४५० एमबी, आठ तासांच्या रात्रीला साडेतीन जीबीहून अधिक. डेटाला मर्यादा असलेल्या जोडणीवर रात्रभर लाइव्ह चालू ठेवू नका, रडण्याच्या सूचनेवर भागवा.

आणि त्या सूचनेवर किती विसंबायचं? फार नाही. शाओमी, रिअलमी अशा बऱ्याच फोनवर बॅटरी वाचवण्यासाठी मागचं ॲप झोपवलं जातं आणि सूचना सकाळी एकदम येतात. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये निर्बंध काढा आणि डू नॉट डिस्टर्बमध्ये टॅपोला सवलत द्या. एवढं करूनही वाय-फाय तुटलं तर फोन गप्प राहू शकतो आणि आपल्याला वाटतं बाळ शांत झोपलंय. मला या कॅमेऱ्याचा सर्वात मोठा दोष हाच वाटतो.

फर्मवेअरची, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरची, गोष्ट टाळून चालणार नाही. सी२००मध्ये २०२१ साली सुरक्षेतलं एक गंभीर छिद्र सापडलं होतं, त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-४०४५. त्याच नेटवर्कवरून कुठलाही पासवर्ड न देता कॅमेऱ्यावर पूर्ण ताबा मिळत होता. १.१.१६ आवृत्तीत ते बुजवलं. नवीन खोक्यात ते असायचं कारण नाही, पण चुलतभावाकडून आलेल्या, कित्येक वर्षं माळ्यावर पडलेल्या कॅमेऱ्यात नक्की असू शकतं. जोडल्या जोडल्या सेटिंगमध्ये जाऊन अपडेट करा, मगच खोलीत न्या. ऑटो अपडेटची वेळ दुपारची ठेवा. अपडेटनंतर कॅमेरा पुन्हा सुरू होतो आणि तीच गोल फेरी मारतो.

रेकॉर्डिंग साठवायच्या मेमरी कार्डाबाबत माझं मत दुकानदाराच्या उलट आहे. १२८ जीबीच्या कार्डात ३८४ तास, म्हणजे १६ दिवस मावतात असं कंपनी सांगते. बाळाच्या खोलीचे सोळा दिवस साठवून करायचं काय? ३२ जीबीचं घ्या, चार दिवस राहतात, नंतर जुनं आपोआप पुसलं जातं. सलग रेकॉर्डिंग बंद, फक्त हालचालीवर चालू. रेकॉर्ड ऑडिओ बंद. कार्ड काढून नेलं की त्यातलं सगळं गेलं, हे धरून चाला. टॅपो केअर ही पैसे भरून घ्यायची क्लाउड सेवा लाइव्ह पाहण्यासाठी लागत नाही, या खोलीसाठी ती घेऊ नका. प्रायव्हसी मोड उपयोगी आहे, पण या मॉडेलमध्ये ते काम सॉफ्टवेअर करतं. मालिशच्या वेळी खात्री हवी असेल तर प्लग काढा. त्यासाठी बटण असलेलं एक्स्टेंशन बाळंतिणीच्या हाताशी ठेवा.

सगळं नीट केलं तरी एक धोका आपल्या हाताबाहेर राहतो. फेब्रुवारी २०२४मध्ये वाइझ या अमेरिकी कंपनीचे कॅमेरे बंद पडून पुन्हा सुरू झाले तेव्हा सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांतली छोटी चित्रं दिसली, आणि १,५०४ जणांनी ती उघडली. कंपनीच्या सर्व्हरवर खाती आणि कॅमेरे यांची सांगड चुकली होती. इथे कुठलाही पासवर्ड वाचवू शकत नव्हता. दुसऱ्याला चुकून चित्र दिसलंच तर त्यात फक्त पाळणा असावा, एवढंच आपण ठरवू शकतो. म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा पासवर्डच्याही आधी सांगितला.

बिनब्रँडचे हजार-बाराशेचे कॅमेरे या खोलीत आणूच नका. त्यांच्या पाठीवर एक स्टिकर असतो, त्यावर ओळख क्रमांक आणि कित्येकदा मूळ पासवर्डही छापलेला. २०१९मध्ये अशा अनेक कॅमेऱ्यांत असलेल्या आयलिंक-पीटूपी या जोडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये असं छिद्र सापडलं की ओळख क्रमांक अंदाजाने काढून थेट कॅमेऱ्यापर्यंत जाता येत होतं. २० लाखांहून अधिक उपकरणं त्यात होती. खरेदीच्या साइटवर अभिप्राय लिहिताना त्या स्टिकरचा फोटो टाकणारे लोक आजही दिसतात. भारतात ९ एप्रिल २०२५पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या आहेत, तेव्हा खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक आणि उत्पादनाची तारीख बघून घ्या. ब्रिटनमधल्यांना जास्त सोय आहे: २९ एप्रिल २०२४पासून तिथे सगळ्यांना एकच मूळ पासवर्ड देणं बेकायदा आहे आणि सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळतील हे कंपनीला सांगावंच लागतं. ती तारीख वाचूनच घ्या.

इंटरनेटशिवायचा पर्याय कोणासाठी? आई-बाबा घरातच असतात आणि फक्त शेजारच्या खोलीतलं रडणं ऐकू यायला हवं, अशांसाठी. फिलिप्स अ‍ॅव्हेंटचा एससीडी५०३ हा फक्त आवाजाचा डेक्ट (कॉर्डलेस फोनच्या रेडिओ पद्धतीचा) मॉनिटर. मोकळ्यावर ३०० मीटर, घरात ५० मीटर असं कंपनी म्हणते. कोकणातल्या चिऱ्याच्या भिंती मध्ये आल्या तर त्याहून कमी धरा. चित्र हवं तर अमेरिकेत इन्फंट ऑप्टिक्सचा डीएक्सआर-८ मिळतो. तो २.४ गिगाहर्ट्झवर सतत वारंवारिता बदलत स्वतःच्याच पडद्याशी बोलतो, ना ॲप ना खातं. अशा मॉनिटरची मोठी बाजू म्हणजे संपर्क तुटला की हातातला संच लगेच ओरडतो. अमेरिकेतून आणणार असाल तर अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट छापलंय का पाहा. डेक्ट ६.० लिहिलेला मात्र आणू नका. तो १९२०–१९३० मेगाहर्ट्झवर चालतो आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइल सेवेचा आहे. जुने, ४९ मेगाहर्ट्झचे अ‍ॅनालॉग मॉनिटर कोणी प्रेमाने दिले तरी वापरू नका. त्यांचं बोलणं शेजारच्या तशाच संचावर सहज ऐकू येतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तर दार किलकिलं ठेवलं तरी पुरतं.

कॅमेरा आपोआप वळताना दिसला तर घाबरण्याआधी मोशन ट्रॅकिंग बंद आहे ना पाहा. ते चालू असलं की हलणाऱ्या पडद्यामागेही तो वळतो. ते बंद असूनही वळत असेल, स्पीकरमधून अनोळखी आवाज आला किंवा अनोळखी ठिकाणाहून लॉगिनची सूचना आली, तर आधी प्लग काढा. लगेच रीसेट करू नका. ॲपमधल्या सूचना, लॉगिनचे ईमेल यांचे स्क्रीनशॉट घ्या, कार्ड काढून बाजूला ठेवा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार द्या. एखाद्याच्या खासगी अंगाची चित्रं संमतीविना टिपणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

बाळ मोठं झालं की पाळणा, दुपटी, झबली जशी नात्यात पुढे जातात तसा हा कॅमेराही जातो. देण्याआधी कार्ड काढून स्वतःकडे ठेवा. ॲपमधून कॅमेरा काढून टाका, नाहीतर तो तुमच्याच खात्याला बांधलेला राहतो. मग डोळा हाताने वर उचला. खाली कार्डाच्या खाचेजवळ रीसेटचं बारीक बटण आहे. कॅमेरा चालू असताना ते ५ सेकंद दाबून धरा. दिवा लाल लुकलुकला की नवीन घरच्या माणसाला त्याचं स्वतःचं खातं काढून द्या, आणि पुठ्ठ्याचे तुकडेही सोबत द्या.